चाळीस किचेन आणि नथ्थूभाऊंचा हात

“शिक्का कसा मारते, ते तू मले शिकवशीन? बत्तीस वर्षं हेच केलं म्या!” असं म्हणून नथ्थूभाऊंनी स्वातीच्या हातातून शिक्का काढूनच घेतला.

भाऊ म्हणजे नागभीडच्या शाळेचे निवृत्त शिपाई. दाखल्यावर सही मुख्याध्यापकांची, पण शिक्का भाऊंचा. तोही कसा? बत्तीस वर्षांत एकदासुद्धा फिसकटला नाही, असं ते स्वतःच सांगत, आणि सांगताना छाती अशी काही काढत की ऐकणारा मुकाट्यानं मान डोलवी.

उद्या रविवारी शहाण्णवच्या मॅट्रिकवाल्यांचा मेळावा होता. प्रत्येकाला शाळेच्या शिक्क्याचा किचेन द्यायचा, ही त्याच वर्गातल्या स्वातीची कल्पना. तिनं त्यासाठी खास प्लास्टिक मागवलं होतं. त्यावर छापायचं, ओव्हनमध्ये तापवायचं, की ते आकसून लहान आणि जाड होतं. मधोमध दिवा असलेला शाळेचा जुना गोल शिक्का कधीच बाद झाला होता आणि भाऊंच्या पेटीत पडून होता. तो द्यायला ते एका पायावर तयार झाले, फक्त मारणार मीच, म्हणाले. स्वातीनं मोजून चाळीस तुकडे कापले, भोकं पाडली आणि शाई धरावी म्हणून एका बाजूनं पॉलिश पेपर घासून ठेवला.

“भाऊ, सरळ दाबा अन् सरळ उचला. ठोकू नका, घसरते ते.”

“अवं, ठोकल्याशिवाय शिक्का कायचा?”

भाऊंनी बाह्या सारल्या. खाली पोत्याची घडी ठेवली, शिक्का तोंडाजवळ नेला आणि “हाऽऽ” करून त्यावर वाफ सोडली. कागदाला ही वाफ मानवायची. प्लास्टिकला ना वाफेचं कौतुक, ना भाऊंच्या नोकरीचं. धप्प! तुकडा सटकला आणि एका दिव्याचे दोन झाले.

“पॅडच बेकार हाय,” भाऊ म्हणाले आणि दुप्पट शाई लावली. आता दिव्याच्या जागी नुसता काळा गोळा आला. मग तुकडा घसरू नये म्हणून त्यांनी अंगठ्यानं दाबून धरला, तर शिक्क्याशेजारी अंगठाही छापून आला. घाम पुसायला हात कपाळाकडे गेला, आणि शाई पक्की असल्यामुळे कपाळही कामी आलं. चुकतंय म्हटल्यावर माणूस थांबतो. भाऊ पंचवीस तुकडे झाले तरी थांबले नाहीत.

स्वातीनं त्यातले आठ ओव्हनमध्ये टाकले आणि ती फोन घ्यायला आत गेली. भाऊ काचेतून पाहतात तो काय, तुकडे पापडासारखे वळायला लागलेले! “जळ्ळं, जळ्ळं!” करत भाऊंनी चिमट्यानं सगळे बाहेर ओढले. ते तसेच वाकडे राहिले.

“अजून मिनिटभर ठेवले असते, तर आपोआप सपाट झाले असते भाऊ,” स्वाती रडवेली होऊन म्हणाली.

उरलेले पंधरा तिनं स्वतः केले. खाली लाकडी पाट, सरळ दाब, सरळ उचल. दिव्याची वातसुद्धा ओळखू यावी इतके स्वच्छ. भाऊ बघत राहिले. त्यांना आठवली दाखला न्यायला आलेली पोरं. शाई वाळेपर्यंत ते त्यांना थांबवून घेत, “आता पुढं कुठी?” विचारत. कोणी चिमूर म्हणे, कोणी चंद्रपूर. आपल्या हातचा ठसा घेऊन पोरं जगात जातात, याचं त्यांना केवढं अप्रूप होतं!

“हात गेला माहा, पोरी,” ते हळूच म्हणाले. “माहे सारे फेकून दे.”

दुसऱ्या दिवशी ते जाणारच नव्हते. “जेवाले बोलावलं हाय, जेवून तरी या,” म्हणून त्यांच्या बायकोनं, गुणाबाईंनी, त्यांना कपाळावरच्या डागासकट घराबाहेर काढलं.

माणसं चाळीस, म्हणून स्वातीला सगळेच किचेन ताटात ठेवावे लागले. निशानं अंगठ्याचा उचलला. रोशननं काळा गोळा घेतला. लोकेश तर दोन दिव्यांसाठी एकाशी भांडला. बघता बघता भाऊंचे पंचवीस संपले आणि स्वच्छ पंधरा ताटात तसेच पडून राहिले. भाऊंना ते सहन होईना.

“पोराहो, मले दया नाई पाह्यजे. चांगले हायेत ते घ्या ना!”

“दया कायची भाऊ?” लोकेशनं पिशवीतून जुना दाखला काढला. “हे पाहा.”

दाखल्यावर दोन दिवे होते. निशानं मोबाईलमध्ये आपल्या दाखल्याचा फोटो दाखवला. शिक्क्याशेजारी भाऊंचा अंगठा होता.

“माह्या दाखल्यावर तुमच्या गोळ्यानं जन्मतारीखच खाल्ली,” रोशन म्हणाला. “अहेरीच्या हापिसात तीन खेपा माराव्या लागल्या मले!”

भाऊंचा चेहरा पडला. “बत्तीस वर्षांत मले कोणी सांगतलं काऊन नाई?”

“कसं सांगाव भाऊ? सुट्टीची घंटा तुमच्याच हाती होती!”

शाळेचा व्हरांडा हसून हसून लोळायला आला. स्वाती तेवढी हसली नाही. ती भाऊंजवळ जाऊन बसली. भाऊ आपला हात उलटा-सुलटा करून पाहत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

“म्हंजे स्वाती, हात गेला नाई माहा?”

“नाई भाऊ,” स्वाती म्हणाली, “पहिलेपासून असाच हाय.”

भाऊंचा जीव भांड्यात पडला.