टिपणीसकाकांचा डावा टायर

आमच्या सोसायटीत सकाळी गाडी काढायला गेलात आणि टायरवर पांढऱ्या खडूने भली मोठी फुली दिसली, तर घाबरू नका. करणी वगैरे काही नाही, चोरांची खूणही नाही. टिपणीसकाकांनी तुमचा टायर रिजेक्ट केलाय, एवढंच.

माझ्या गाडीवर पहिल्यांदा फुली आली तेव्हा मी वॉचमनला फाडून खाल्लं होतं. तो बिचारा सारखं वर बोट दाखवत होता. मला वाटलं देवाची शपथ घेतोय. तो दुसरा मजला दाखवत होता.

काका तळोज्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं क्वालिटी कंट्रोलला होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण सवय काही निवृत्त झाली नाही. पाहुण्यांनी आणलेले आंबे, गणपतीचा मांडव, माझ्या मुलीचं अक्षर, सगळ्याला दोनच शेरे. पास किंवा रिजेक्ट. एका लग्नात त्यांनी जेवण पास केलं आणि नवरदेव रिजेक्ट, तेही नवरदेवाच्या सख्ख्या मामाच्या शेजारी बसून. मी पुढच्या रांगेत होते, मान वळवायचीसुद्धा हिंमत झाली नाही.

पण खरा जीव टायरमध्ये. आमच्या खांदा कॉलनीतली सगळी माणसं सकाळी फिरायला जातात, काका पार्किंगमध्ये उकिडवे बसतात आणि टायरवरून तळवा फिरवतात. मधोमध झिजलेला असला तर हवा ठासून भरणारा, संशयी माणूस. दोन्ही कडा झिजलेल्या असल्या तर आळशी, पंपावर उतरायचा कंटाळा. एकाच कडेने झिजला असेल तर अलायनमेंट गेलेलं, म्हणजे चाकं तिरकी. “खड्ड्यात आपटलात आणि बायकोला सांगितलं नाहीत,” असं त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या सावंतांना सुनावलं, बायको शेजारी उभी असताना. सावंत अजून त्यांच्याशी बोलत नाहीत. अलायनमेंट मात्र दुसऱ्याच दिवशी करून आले.

त्या पहिल्या फुलीनंतर माझे टायर कायम पास झाले. अख्ख्या सोसायटीत सगळ्यात सरळ गाडी वैशाली चालवते, हे काकांनी वार्षिक सभेत उठून सांगितलं. विषय पाण्याच्या टाकीचा चालू होता. मी तेव्हापासून जरा ताठ मानेनेच पार्किंगमध्ये उतरते, उगाच खोटं कशाला बोला.

तर असे हे काका, गेल्या महिन्यात एका बुधवारी माझ्या दारात उभे राहिले. चेहरा पडलेला. म्हणाले, माझ्याच गाडीचा टायर रिजेक्ट झालाय.

मला आधी हसूच आलं. पण प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्यांचा मुलगा मंदार पुण्यात असतो. रविवारी आला होता, तेव्हा त्यानेच पाहिलं की पुढचा डावा टायर बाहेरच्या कडेने पार गोटा झालाय, नक्षीचं नावसुद्धा नाही. बाकीचे तीन ठणठणीत. मंदारने तिथल्या तिथे निकाल लावला. म्हणे बाबा, तुम्ही फुटपाथला गाडी घासता, तुमचं ड्रायव्हिंग संपलं. काकांनी अलायनमेंटवर ढकललं. मग ठरलं असं, की पुढच्या रविवारपर्यंत तपासून घ्यायचं. अलायनमेंट बिघडलेलं निघालं तर दुरुस्त करायचं, विषय संपला. ठीक निघालं तर गाडी विकायची आणि काका-काकू दोघांनी बोचकी बांधून पुण्याला जायचं, चौदाव्या मजल्यावर.

“तू बरोबर चल,” काका म्हणाले. “माझ्यावर नाही, पण तुझ्यावर त्याचा विश्वास आहे.” ते खरंच होतं. मंदार शाळेत असल्यापासून मला ताई म्हणतो आणि मी सांगेन ते ऐकतो.

खाली उतरल्यावर त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. बारा वर्षांत त्या चंदेरी गाडीच्या स्टिअरिंगला त्यांनी कोणाला हात लावू दिला नव्हता. मंदारलासुद्धा नाही, का तर तो क्लचवर पाय ठेवून बसतो. मला वाटलं, टेन्शन आलं असेल. मी मुकाट्याने चालवायला बसले.

कोन गावाकडे जाताना नामाशेठचं अलायनमेंटचं दुकान लागतं. काकांचा दुसऱ्या कोणावर भरवसा नाही. नामाशेठने गाडी रॅम्पवर घेतली, चारी चाकांना चिमटे लावले आणि पडद्यावर आकडे आले. सगळे हिरवे. एकसुद्धा लाल नाही.

काका मशीनवर घसरले. कधी आणलंय, शेवटचं कधी तपासलंय, सर्टिफिकेट दाखवा. नामाशेठ म्हातारा होता आणि शांत होता. त्याने दुसऱ्यांदा मोजलं. पुन्हा हिरवे. काकांनी मशीन रिजेक्ट केलं. तिसऱ्यांदा मोजायला लावलं तेव्हा मागे रांगेत उभा असलेला टेम्पोवाला हॉर्न मारायला लागला. मला लाजेने मेल्यासारखं झालं.

शेवटी नामाशेठने मशीन बंद केलं, खाली बसला आणि त्या टायरवरून हात फिरवला. अगदी काका फिरवतात तसाच.

“मशीन बरोबर हाय काका,” तो म्हणाला. “फुटपाथलाबी नाय घासलाय. ही गाडी कोनीतरी सारखी उजवीकडं गोल गोल फिरवतंय. ड्रायव्हिंग शिकवतात ना, त्यांच्या गाड्या येतात आमच्याकडं, त्यांचे टायर असेच जातात.”

काकांनी पावती घेतली, घडी करून खिशात घातली आणि गाडीत येऊन बसले.

पळस्पे फाट्यापाशी हळूच म्हणाले, ही शिकतेय. ही म्हणजे काकू. वय चौसष्ट. चार महिने रोज पहाटे साडेपाचला, सोसायटीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर. शिकाऊ लायसन काढलंय, तीन आठवड्यांनी परीक्षा आहे. लोक हसतील म्हणून कोणाला सांगितलं नाही, आणि मंदारला कळलं तर तो आजच गाडी घेऊन जाईल.

मला इतका आनंद झाला की मी स्टिअरिंगवर थाप मारली. वर्षानुवर्षं डबे भरणाऱ्या काकू पहाटे गाडी फिरवतायत, आणि आम्हाला पत्ता नाही. पण माझ्या डोक्यात टायर घोळत होता. मी विचारलं, नुसतं उजवीकडेच का? काका म्हणाले, तिला डावीकडे वळायची भीती वाटते. डावीकडे जायचं असलं तर आम्ही तीनदा उजवीकडे वळतो आणि तिथेच येतो.

आता मात्र मी खो खो हसले. म्हटलं काका, अहो तीस वर्षं क्वालिटी कंट्रोल केलंत ना? परीक्षेत तीनदा उजवीकडे वळून चालेल का? त्यात अवघड काय आहे, तुम्ही डाव्या बाजूलाच बसता, बाहेर बघून सांगायचं, वळ, मोकळं आहे. दोन दिवसांत भीती जाईल.



“तिला नाही भीती वाटत,” काका म्हणाले. “मला डावीकडचं दिसत नाही, वैशाली. मी काय सांगणार तिला?”

मी गाडी कडेला घेतली. त्यांनी सगळं सांगितलं. उन्हाळ्यात एकदा चक्कर आली होती, तेव्हा डोक्यात रक्ताची बारीकशी गुठळी अडकून गेली होती. बाकी शरीराला काही झालं नाही, पण डाव्या बाजूचं दिसणं गेलं. परत येणार नाही, गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्या दिवसापासून त्यांनी चालवलीही नाही. काकूंना सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय. काकूंची आई पेणला असते, नव्वदीची आहे. दर गुरुवारी काकूंना तिथे जायचंच असतं, आणि काका इतकी वर्षं गाडीने नेत आलेत, हल्ली चष्म्याचं निमित्त सांगून एसटीने. पुण्याला गेलं की ते संपलं.

“तिला वाटतं मी तिची हौस पुरवतोय,” काका म्हणाले. “तसंच वाटू दे. एकदा लायसन हातात आलं की मी स्वतः मंदारला सांगेन. तीन आठवडे दे मला.”

मला रडू आलं आणि रागही आला. एवढं मोठं दुखणं घरच्यांपासून लपवायचं म्हणजे काय. तसं मी तोंडावर बोललेसुद्धा. पण तीन आठवडे दिले.

रविवारी मंदार आला. मी पावती त्याच्यापुढे ठेवली आणि सांगून टाकलं, अलायनमेंट ठीक आहे, बाबांनी कुठेही घासलेली नाही, तुझी आई गाडी शिकतेय. खोटं एक अक्षर बोलले नाही, फक्त अर्धं बोलले. मंदार आईकडे बघतच राहिला. मग इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि म्हणाला की परीक्षा होईपर्यंत गाडी विकायचं नाव कोणी काढायचं नाही. काका कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून नखं बघत होते.

सोमवारी पहाटे काकूंच्या डाव्या बाजूला मी बसले. काका आले नाहीत. टायर नवा टाकलाय, मला बघवणार नाही, म्हणाले.

काकूंनी प्लॉटवर एक चक्कर मारली. मी म्हटलं, आता डावीकडे, मोकळं आहे. त्यांनी इतक्या सफाईने गाडी वळवली की मला काही बोलायलाच उरलं नाही. दुसऱ्यांदा तशीच. तिसऱ्यांदा वळून झाल्यावर त्यांनी गाडी थांबवली आणि हॅंडब्रेक ओढला.

“तुला सांगितलंय ना त्यांनी?” काकू म्हणाल्या.

मी कसलं काय म्हणून बघितलं, पण मला नाटक जमत नाही.

“उन्हाळ्यापासून ताटातली डावी बाजू तशीच राहायला लागली,” काकू म्हणाल्या. “चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड, सगळं जिथल्या तिथे. आठ दिवस मला वाटलं, माझ्याच हाताची चव गेली. मग एकदा मी ताट उलटं फिरवून ठेवलं. तेव्हा चटणी संपली आणि भाजी राहिली.”

“मग हो?”

“मग काय. त्यांना हे मला कळायला नको होतं, तर नाही कळलं. मला कसली आलीय या वयात गाडीची हौस? ते म्हणाले शीक, मी म्हटलं शिकते. चटणी आता मी उजवीकडे वाढते.”

त्यांनी हॅंडब्रेक सोडला, डावीकडचा आरसा बघितला आणि मला विचारलं, पुन्हा एकदा डावीकडेच घेऊ ना?