निळ्या झाकणाचा गुण

स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. ओट्यावर डबे, टेबलावर डबे, फ्रिजच्या डोक्यावरही डबे. अर्ध्यांना निळं झाकण, अर्ध्यांना लाल. सूनबाई जमिनीवर फतकल मारून डब्यांत पीठ भरत होती आणि सासूबाई मघापासून चहाचं भांडं शोधत होत्या.

"तुझी पीएच.डी. पिठात आहे की डब्यांत?" सासूबाईंनी शेवटी विचारलं.

"पिठात, आई. पण डब्यांशिवाय पिठाला किंमत नाही."

हे काही सासूबाईंच्या पचनी पडलं नाही, पण त्यात त्यांचा दोष नव्हता. भानगडच तशी होती. शेतकी कॉलेजातल्या गाईडबाईंनी बरीच वर्षं खपून एक नवं धान्य तयार केलं होतं. त्याच्या पिठाची लापशी रोज सकाळी खाल्ली, तर रक्तातली साखर उतरते, असं त्यांचं म्हणणं. ते सिद्ध करायचं काम सूनबाईकडे. साखरेचा त्रास असलेल्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना नवं पीठ द्यायचं, निम्म्यांना साधं. कोणत्या झाकणाखाली काय, हे खाणाऱ्यांना माहीत नको आणि वाटणारीलाही नको. म्हणून कॉलेजातून दोन पोती आली होती, एक निळ्या दोरीनं बांधलेलं, एक लाल. त्यांतून दर आठवड्याला डबे भरून द्यायचे. आत काय ते एकट्या गाईडबाईंना ठाऊक.

घर तर या संशोधनासाठीच बांधलेलं असावं. नवरा संख्याशास्त्राचा प्राध्यापक. कोणाला निळा डबा आणि कोणाला लाल, हे त्यानं चिठ्ठ्या टाकून ठरवलं आणि आईनं दोन चिठ्ठ्या बदलायला सांगितल्या तेव्हा तिला तास घेतल्यासारखं ऐकवलं. सासरे वकील. त्यांनी केलेलं संमतीपत्र वाचून लोकांना आपण लापशी खाणार आहोत की मूत्रपिंड देणार आहोत, असा प्रश्न पडायचा. तरीही सगळ्यांनी सह्या केल्या, त्या सासूबाईंच्या शब्दाखातर. गल्लीत कोण गोड खातं आणि कोण खात नाही असं सांगून खातं, हे त्यांना तोंडपाठ होतं. माणसं त्यांनीच जमवली होती.

सूनबाईला दोनदा मुदतवाढ मिळाली होती. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा विद्यापीठातल्या कारकुनानं मान वर न करता "आता नाही" म्हटलं होतं. हा प्रयोग फसला, तर सगळी मेहनत पाण्यात. ती झोपेतसुद्धा डबे मोजत होती.

शास्त्रानं जे इतकं लपवलं होतं, ते गल्लीला आठवड्याच्या आत समजलं. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानदाराला निळा डबा आला होता. आता औषधाचा दुकानदार साधं पीठ घेईल का? म्हणजे खरा माल निळ्यात. झालं, गल्लीनं निकाल देऊन टाकला.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या काकू लाल झाकणाचा डबा घेऊन सासूबाईंच्या समोर उभ्या राहिल्या.

"इतकी वर्षं शेजार आहे आपला," काकू म्हणाल्या. "तुझ्या बाळंतपणात मी उभी राहिले. आणि तुझ्या सुनेनं मला साधं पीठ द्यावं?"

"अगं, चिठ्ठ्या टाकल्या होत्या."

"दुकानदाराची बरी चिठ्ठी निघाली. राहू दे. मी काही बोलणार नाही." आणि काकू अर्धा तास बोलल्या.

सासूबाईंच्या जिवाला ते लागलं. सूनबाईची पीएच.डी. आज ना उद्या होऊन जाईल, पण आपल्याला याच गल्लीत म्हातारं व्हायचंय. ज्यांना आपण हात धरून आणलं, त्यांतल्या निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना भुसा, हे त्यांच्या मनाला पटेना. त्या दिवशी दुपारी घरात कोणी नव्हतं. सासूबाईंनी गच्चीवर चादर अंथरली, दोन्ही पोती तिच्यावर ओतली आणि कोपरापर्यंत हात घालून सगळं पीठ एकजीव केलं. वरून चाळून घेतलं. मग दोन्ही पोती पुन्हा भरून ज्याची दोरी त्याला बांधली. आता कोणावर अन्याय नाही, थोडं थोडं औषध सगळ्यांच्याच पोटात जाईल. त्यांना इतकं हलकं वाटलं की त्या संध्याकाळी नवऱ्यावरही चिडल्या नाहीत.

आणि हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. आयुष्यात पोटात ठेवलेली ही त्यांची पहिलीच गोष्ट.

महिने गेले. पहिला डबा सोडला तर त्या सगळ्या दिवसांत दोन्ही झाकणांखाली एकच पीठ होतं, पण गल्लीला ते कोण सांगणार? निळेवाले एकदम जबाबदार झाले. आपल्यावर शास्त्राचा भार आहे म्हटल्यावर चहात साखर कशी घालायची? दुकानदार पहाटे चालायला जाऊ लागला, त्याच्यामागून बाकीचे निळे. लालवाल्यांनी मात्र हाय खाल्ली. नाहीतरी साधंच पीठ, मग जिवाला कशाला जाळायचं, म्हणून काकू लापशीबरोबर क्रीमची बिस्किटं खाऊ लागल्या.

शेवटी नर्स सुरुवातीसारखीच पुन्हा येऊन सगळ्यांचं रक्त घेऊन गेली. आकडे हाती आले आणि नवरा जेवण टाकून संगणकापुढे बसला. थोड्या वेळानं त्यानं बायकोला हाक मारली.

"निळ्यांची साखर उतरली आहे. लालवाल्यांची जरा चढलीच आहे. इतका स्पष्ट फरक मी अख्ख्या नोकरीत पाहिला नाही."

खरा माल निळ्यात, हे एव्हाना घरातही धरून चालले होते. सूनबाई मटकन खुर्चीत बसली आणि हसता हसता रडायला लागली. वकीलसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सासूबाई तेवढ्या दाराला धरून उभ्या होत्या.

"अरे," त्या हळूच म्हणाल्या, "समजा, दोन्हीत एकच पीठ असतं तर?"

"तर असा फरक आलाच नसता, आई. योगायोगानं हे होणं जवळजवळ अशक्य आहे."

"जवळजवळ म्हणजे?"

"म्हणजे अशक्यच समज."

 इतका शिकलेला मुलगा म्हणतोय म्हटल्यावर आपण पीठ नीट कालवलं नव्हतं की काय, अशी सासूबाईंनाच शंका यायला लागली.

दुसऱ्या दिवशी गाईडबाई घरी आल्या. नवऱ्यानं मोठ्या उत्साहानं त्यांच्यापुढे आलेख धरला. बाईंनी तो पाहिला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा पाहिला.

"निळ्या दोरीच्या पोत्यात बाजारातलं साधं पीठ होतं," त्या म्हणाल्या. "माझं धान्य लालमध्ये होतं."



"म्हणजे नव्या धान्यानं साखर वाढते?" वकीलसाहेबांनी विचारलं. त्यांना उलटतपासणीची सवय होती, पण वेळ चुकली. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. सूनबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि कालच्यासारखं त्यात हसू नव्हतं.

"संपलं," ती म्हणाली. "आता कोण मला मुदत देणार? इतक्या वर्षांत मी दुसरं काही केलं नाही."

सासूबाईंना ते बघवेना. "रडू नकोस गं," त्या म्हणाल्या. "धान्याचा काही दोष नाही. दोन्ही पोत्यांत एकच पीठ होतं. पहिल्याच आठवड्यात मी कालवून टाकलं."

"तू आता काही बोलू नकोस," वकीलसाहेब घाईनं म्हणाले. "वकिलाशिवाय एक शब्द बोलू नकोस."

"वकील तुम्हीच आहात ना?"

"मी तुझ्या विरुद्ध बाजूचा. संमतीपत्र माझं आहे."

सूनबाई सासूकडे वळली. "आई, मला एकदा विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस." सासूबाई म्हणाल्या. "तुझं वाईट व्हावं म्हणून नाही गं केलं. काकू म्हणाली, तुझ्या सुनेनं मला साधं पीठ दिलं, ते सहन झालं नाही."

गाईडबाई मात्र खुर्चीत पुढे सरकल्या होत्या. "नीट कालवलं होतंत?"

"दुपारभर. चाळलंसुद्धा."

"मग फरक आला कुठून?" बाईंनी संख्याशास्त्रज्ञाकडे पाहिलं.

"येऊ शकत नाही," नवरा म्हणाला.

"आलाय."

"हो, पण येऊ शकत नाही."

सूनबाईनं पदरानं नाक पुसलं. तिच्या डोळ्यांपुढे पहाटेची गल्ली आली. "निळे सगळे चालायला जातात," ती सावकाश म्हणाली. "साखर सोडलीय त्यांनी. लालवाले बिस्किटं खातात. आपल्याला औषध मिळतंय असं निळ्यांना वाटलं, म्हणून ते औषध घेणाऱ्यांसारखे वागले. बाई, पिठाचा काही संबंधच नाही. झाकणाचा गुण आहे हा."

गाईडबाईंनी आलेख पुन्हा हातात घेतला. मग म्हणाल्या, "यावर प्रबंध होईल. मी म्हणते, आधीच्यापेक्षा बरा होईल. काय घडलं ते सगळं खरंखुरं लिही, सासूबाईंसकट. विषय बदलायला समितीपुढे मी स्वतः येते. मुदतीचंही बघते, त्या कारकुनाला मीच शिकवलंय."

"आणि घरोघर जाऊन लोकांना खरं सांगावं लागेल," वकीलसाहेब म्हणाले. "त्यांनी पिठासाठी सही केली होती, झाकणासाठी नाही."

"सांगू," सूनबाई म्हणाली. "काकूंना आई सांगतील." तिनं सासूचा हात धरला आणि सासूबाईंनी तो चांगला घट्ट दाबला.

चहापाणी झालं. आपल्या धान्याची परीक्षा आता दुसऱ्या गावात घ्यायची, इथे नाही, असं गाईडबाईंनी निक्षून सांगितलं. सगळे त्यांना दारापर्यंत सोडायला आले. चपला घातल्यावर त्या जरा घुटमळल्या आणि त्यांनी आवाज खाली आणला.

"एखादा डबा शिल्लक असेल का? माझीही साखर हल्ली वरच असते."

सूनबाईनं पटकन आतून डबा आणून हातात दिला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. डब्याला लाल झाकण होतं.

"निळा नाही का?" त्यांनी संकोचून विचारलं.

सूनबाई आणि तिचा नवरा एकमेकांच्या तोंडाकडे पाहायला लागले. सासूबाई मात्र आत गेल्या, एक रिकामं निळं झाकण घेऊन आल्या, बाईंच्या देखत त्यांनी डब्याचं लाल झाकण काढलं आणि निळं लावलं.

"घ्या," त्या म्हणाल्या. "आणि पहाटे चालायला जात जा."

बाईंनी समाधानानं डबा पिशवीत ठेवला आणि जिना उतरू लागल्या.