कोंबड्यांच्या रेक्टर

दिवेलागणीला आमच्या कुंपणापलीकडून हजेरी ऐकू येते. अहिरे मॅडम खुराड्यापुढे उभ्या राहून एकेक नाव घेतात आणि कोंबड्यांच्या वतीने "हजर मॅडम" हेही स्वतःच म्हणतात. थोरल्या कोंबड्यांसाठी आवाज जाड, पिल्लांसाठी बारीक. मध्येच एखादीला "तोंडात काय आहे?" असंही विचारतात.

मॅडम मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या. निवृत्त झाल्या, पेठ रोडला आमच्या शेजारी घर घेतलं आणि परसात पुन्हा वसतिगृह काढलं. अंडी देणाऱ्या कोंबड्या म्हणजे थर्ड इयर. वयात येऊ घातलेल्या तलंगा सेकंड इयर. आणि उबेसाठी बल्ब लावलेल्या खोक्यातून नुकतीच बाहेर आलेली, अर्धी पिसं अर्धी लव अशी पिल्लं म्हणजे फर्स्ट इयर. या तिन्ही वर्गांना एका छपराखाली झोपवायचं, एवढा एकच ध्यास.

"आधी नुसती तोंडओळख," मॅडम सांगत. म्हणून मध्ये जाळी. सीनियरनी बघायचं, ज्युनियरनी बघायचं, हात कुणी लावायचा नाही. मग एके दिवशी जाळी काढली आणि काढल्या काढल्या जीएसने सगळ्यात लहान पिल्लाच्या मानेची पिसं उपटली.

जीएस म्हणजे थर्ड इयरची पुढारीण. तुरा लालबुंद, चाल नगरसेवकाची.

"रॅगिंग!" मॅडम गरजल्या. "माझ्या होस्टेलात रॅगिंग चालणार नाही!" त्यांनी तिला काखोटीला मारलं आणि आमची बेल वाजवली. "हिला रस्टिकेट केलंय. चार दिवस तुमच्याकडे. तुम्ही लोकल गार्डियन."

"अहो, पण आमच्याकडे कशाला?"

"तिची खुर्ची जायला हवी. चार दिवस दिसली नाही की बाकीच्या तिचा रुबाब विसरतात. परत येईल ती नवीन ॲडमिशन म्हणून."

जीएस आमच्या बाथरूममध्ये राहिली. बादलीच्या काठावर बसून ती मला आंघोळीची परवानगी नाकारायची. बायकोने तिच्याबरोबर मलाही रस्टिकेट करायची धमकी दिली. नेमका तेव्हाच नामपूरहून मॅडमचा भाचा आला. आत्याबरोबर तो कोंबडी बघायला आमच्याकडे आला आणि बाथरूममध्ये डोकावताच त्याचे डोळे चमकले.

"आत्या, हाई माले दी टाक. रस्सा मस्त हुई."

मी लगेच अनुमोदन दिलं. मॅडमनी आम्हा दोघांकडे असं पाहिलं की माझे हात आपोआप पाठीमागे गेले.

"चुकली म्हणून रेक्टर मुलीला शिजवत नाही," त्या म्हणाल्या.

जीएस परतली तेव्हा खरोखरच तिला कुणी ओळख दाखवली नाही. कालच्या तलंगासुद्धा तिला टोचून गेल्या. दाणे टाकले तर ही मागे उभी. हजेरी झाली आणि सगळ्या आत जाऊन दाटीवाटीने बसल्या, मान बोडकी झालेलं ते पिल्लूसुद्धा. जीएस एकटी अंगणात. मॅडम तिच्याजवळ स्टूल घेऊन बसल्या. मला त्या कोंबडीची दया आली, हे कृपा करून आमच्या घरी सांगू नका.

"उचलून आत ठेवा ना," मी म्हटलं.

"नको. आपली आपण गेली पाहिजे." मग जरा वेळाने म्हणाल्या, "दिवाळीची सुट्टी लागली की पालक यायचे पोरींना न्यायला. सुरगाण्याकडची एखादी पोर शेवटी उरायची. बापाची गाडी चुकलेली असायची. ती फाटकाकडे बघून रडायची, मी तिला समजवायचे. आणि मनातून वाटायचं, अजून थोडा उशीर होऊ दे हिच्या बापाला. ती गेली की एवढ्या मोठ्या इमारतीत मी एकटीच."

तेवढ्यात जीएस उठली आणि मान खाली घालून आत शिरली. आत थोडी कुरकुर झाली, मग तीही थांबली. सगळं होस्टेल एका छपराखाली आलं. मॅडमनी दार लावलं आणि तशाच कडीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. अंगणात आता कुणीच नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

"चला मॅडम," मी म्हटलं. "न्यायला आलोय. जेवण आज आमच्याकडे."

मॅडम घाईघाईने चपला शोधायला लागल्या. चपला पायातच होत्या.