मुक्काम परदेशी

"मी काय चीज आहो, हे मले बी अजून पुरतं उमगलं नाही, रंगराव," असं उकंडराव रोज सकाळी दुकानाच्या फळीवर बसता बसता म्हणत. "माह्या नजरेतून मुंगी सुटत नाही. अन् सुटलीच, तं ती मुंगी नव्हती असं समज."

रंगराव सुईत दोरा ओवता ओवता "हाव" म्हणे. तो डोणगावचा शिंपी. दुकान त्याचं, फळी त्याची, पण वरची पाटी उकंडरावांची होती. "उकंडराव, निवृत्त बेलीफ व गुप्तहेर. मध्यप्रांत व वऱ्हाडात एकमेव. चोऱ्या, हरवलेली जनावरे, संशयित जावई." खाली "रंगराव टेलर" असं होतं. रंगाऱ्यानं मध्ये जागा सोडली नव्हती, त्यामुळे परगावचा माणूस "संशयित जावई रंगराव टेलर" असं एका दमात वाचायचा आणि पोलक्याचं माप द्यायला बायकांना पाठवायचा नाही. याच दुकानाचा धनी म्हणून रंगराव गुप्तहेराचा सहायकही ठरला होता. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

उकंडरावांनी तीस वर्षं कोर्टाची समन्सं बजावली. त्यांना येताना पाहून लोक मागच्या दारानं पळत. यावरून गुन्हेगार आपल्याला भितात हा निष्कर्ष त्यांनी काढला, आणि पेन्शन बसल्याबरोबर अकोल्याहून एक भिंग मागवलं. आजवर त्यांनी एका म्हशीचा तपास लावला होता. म्हणजे म्हैस आपली आपण घरी आली तेव्हा उकंडराव तिच्या मागं होते.

त्या गुरुवारी दुपारी किसनराव स्वतः दुकानात आले तेव्हा रंगरावच्या बोटात सुई टोचली. किसनराव म्हणजे गावातले सर्वांत मोठे जमीनदार. शिंप्याला ते वाड्यावर बोलावत, शिंप्याकडे जात नसत. त्यांनी आत येऊन दाराचा पडदा ओढला आणि हळू आवाजात सांगितलं, "भगवान मुंबईले पोचलाच नाही."

भगवान त्यांचा एकुलता एक, हायस्कुलात मॅट्रिकच्या आधीच्या वर्गात. दोन महिन्यांपूर्वी मुंबईच्या कुठल्याशा मंडळाचं एक गुळगुळीत पुस्तक त्यांच्या हाती पडलं होतं: "हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी सेवा व साहस प्रवास. यंदा सिंहलद्वीप." जहाजानं जायचं, तिथल्या एका गरीब खेड्यात विहीर खोदायची, एक डोंगर चढायचा, हत्ती पाहायचा आणि प्रशस्तिपत्र घेऊन परत यायचं. मुखपृष्ठावर एक गोरा मुलगा फावडं धरून हसत होता. त्याच्यामागं त्या खेड्यातला एक म्हातारा उभा होता, तो हसत नव्हता. किसनरावांनी ते पुस्तक सगळ्या गावाला दाखवलं. पोराच्या अंगाला त्यांनी कधी बांधावरची माती लागू दिली नव्हती. पण परदेशातली माती म्हणजे वेगळी गोष्ट.

सोमवारी भगवानला वाजतगाजत मोटारीत बसवलं. गळ्यात सात हार. "तिथल्या गोरगरिबायले पाणी पाजून ये," असं किसनरावांनी टपावर हात आपटून सांगितलं. रंगराव त्या दिवशी किसनरावांइतकाच फुगला होता. प्रवासाच्या दोन खाकी चड्ड्या त्यानंच शिवल्या होत्या, आणि कमरपट्टीच्या आतून लाल दोऱ्यानं "रंगराव टेलर, डोणगाव" असं घातलं होतं. लंकेत कोणी ते वाचणार कसं, हा विचार त्यानं केला नव्हता.

"अन् आज ह्या दोन चीजा आल्या," किसनराव म्हणाले. एक मंडळाची तार होती: मुलगा आला नाही, जहाज शनिवारी सुटते. दुसरं भगवानच्या हातचं कार्ड होतं. रंगरावनं खांद्यावरून वाचलं.

"तीर्थरूप बाबांचे चरणी शिरसाष्टांग नमस्कार. मी परदेशी सुखरूप आहे. विहिरीचे काम सुरू केले. मळ्यात राहतो. सोबतचा म्हातारा हिंदी बोलतो, परंतु मायाळू आहे. रोज वांगे. आईस सांगावे, रडू नये. आज्ञाधारक, भगवान."

"पोलिसात गेलो तं गावभर होईल," किसनराव म्हणाले. "सात हार घालून पाठोलेला पोरगा हरवला म्हणून तोंड कुठी दाखवू? अन् घरात भगवानच्या मायनं तार आल्यापासून पाण्याचा घोट घेतला नाही. पोरगा दिसल्याबिगर घेणार बी नाही म्हणते." रंगरावला पहिल्यांदाच त्यांची कीव आली.

उकंडरावांनी कार्डावर भिंग धरलं. पोस्टाचा शिक्का फिसकटला होता, त्यातली इंग्रजी ओची दोनच वेटोळी दिसत होती.

"दोन ओ!" ते ओरडले. "कोलंबोत तीन असतात. तिसरा प्रवासात पुसला."

"डोणगावात बी दोनच येतात नं इंग्रजीत?" रंगराव म्हणाला.

"डोणगावहून डोणगावले कार्ड कोण टाकीन बे?" उकंडरावांनी कार्डावरचा मातीचा ठसा जिभेला लावला. "खारट! समुद्राचा गाळ."

"काळी माती दिसते. आपल्यावानीच."

"लंका जळाली व्हती, हे इसरला का? काळी नाही तं काय हिरवी राहीन?"

रंगरावनं आपलं सुचवून पाहिलं, की मोटारीचा ड्रायव्हर रोज इथूनच जातो, त्याला विचारावं. उकंडरावांनी त्याच्याकडे फार दुःखानं पाहिलं. "ड्रायव्हरले कोणीही विचारीन, रंगराव. मंग माही गरज काय?"

हे मात्र खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुप्तहेर आणि सहायक अकोल्याच्या सडकेनं मागोवा घेत निघाले. उकंडरावांनी वेष पालटला होता, म्हणजे टोपी काढून रुमाल गुंडाळला होता. वाटेत भेटलेले सगळे "राम राम उकंडराव" म्हणाले. गुन्हेगार सोडून इतरांनी ओळखले तरी चालते, असं त्यांनी वहीत लिहिलं, मग खोडलं.

मैल-दीड मैलावर रामदीन म्हाताऱ्याचा मळा लागला. ऊन असं होतं की रंगरावच्या चपलेचा तळवा मऊ पडला. पाणी मागावं म्हणून दोघं आत शिरले, तर रामदीन रहाटाजवळ धापा टाकत उभा होता आणि खालून कोणीतरी गाळाच्या पाट्या भरून देत होतं. "पानी अभी नहीं, बाबूजी. गाळ आहे नुसता," रामदीन म्हणाला.

उकंडराव काठावर वाकले. खाली डोक्यापासून पायापर्यंत चिखलात माखलेला एक गडी होता. "ए गड्या!" त्यांनी विचारलं. "हाप चड्डीतला हायस्कुलाचा पोरगा पाह्यला का इकडं?"

खालून आवाज घुमत आला, "इथं तं मीच आहो, काका."

उकंडरावांनी वही काढून लिहिलं: विहिरीतल्या मजुराने कोणास पाहिले नाही.

रंगरावचं लक्ष मात्र कुंपणाकडं गेलं होतं. बोराटीवर एक खाकी चड्डी वाळत होती. त्यानं कमरपट्टी उलटली. लाल दोऱ्यात त्याचंच नाव होतं. "उकंडराव, ही माही शिलाई!"

"झालं!" उकंडराव चड्डीकडे पाहून गंभीर झाले. "चड्डी इथं, म्हंजे पोरगा इथं नाही. चड्डी सोडून कोणी राह्यते का? हे चोरीचं कापड इकणारे लोक आहेत. चाल, सगळं उलगडलं." त्यांनी पुरावा काखेत मारला. विहिरीतून "माही चड्डी!" असा आवाज आला, तो त्यांनी प्रतिध्वनी मानला.

किसनरावांच्या ओसरीवर त्यांनी सिद्धान्त मांडला तेव्हा दाराआड भगवानची आई अन्नपूर्णाबाई उभ्या होत्या. रात्रभरात त्यांचे डोळे खोल गेले होते.

"कार्डात काय लिवलं? मळ्यात राहतो. लंकेत मळा कायचा? चहाचा! सोबत हिंदी बोलणारा म्हातारा, म्हंजे मजूर भरती करणारा दलाल. गोड गोड बोलून पोरं पळवते, म्हणून मायाळू. किसनराव, तुमचा भगवान लंकेत चहाच्या मळ्यावर कुली झाला. विहिरीले त्यायनं जुंपला. चड्डी काढून घेतली."

अन्नपूर्णाबाई दाराआडून बाहेर आल्या आणि त्यांनी चड्डी ओढून घेतली. "आवो, म्या म्हणत होते," त्या किसनरावांना म्हणाल्या. "त्या रावणाच्या मुलखात काऊन धाडता म्हणत होते. तुमाले पेपरात फोटू पायजे होता."

किसनरावांनी मान खाली घातली. रंगरावला वाटलं, आपण ती चड्डी शिवलीच नसती तर बरं झालं असतं.

इतक्यात टोपलं डोक्यावर घेऊन गोजरबाई आली. ही भाजीवाली. तिचा वाफा रामदीनच्या मळ्याला लागून होता. "बाई, लोणच्याची एक फोड द्या बरं," ती टोपलं उतरवत म्हणाली. "तुमचा भगवान वांग्याले कंटाळला. मी म्हटलं, बापा, माह्या घरी वांगेच हाय, तुह्या मायच्या हातचं लोणचं आणून देतो."

ओसरीवरचे सगळे तिच्याकडं वळले.

"कुठी पाह्यला तू त्याले?" अन्नपूर्णाबाईंनी कसंबसं विचारलं.

"कुठी म्हंजे? परदेश्याच्या मळ्यात. सोमवारपासून तिथंच हाय नं. त्याचं कार्ड बी मीच पेटीत टाकलं. तुमाले ठावं नाही व्हय?"

रामदीनचा आजा कधीकाळी उत्तरेकडून आला होता. रामदीन डोणगावात जन्मला, त्याची पोरं इथल्या मसणात गेली, पण गाव त्याला अजून परदेशीच म्हणे. रंगरावही म्हणे. कार्डावरचा परदेशी शाळेच्या भाषेतला आणि मळ्यातला परदेशी रोजच्या तोंडातला, म्हणून दोघांची गाठ कोणाच्या डोक्यात पडली नव्हती. आणि अंगावर चिखल असला तरी चार दिवसांत सडकेवरच्या एकानंही भगवानला ओळखू नये याचं कारण सोपं होतं. तो परदेशात आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

अन्नपूर्णाबाई तशाच निघाल्या. किसनराव छत्री घेऊन मागून धावले. मळ्यात पोचल्यावर बाईंनी विहिरीत डोकावून "भग्या!" अशी एकच हाक मारली. खालचा चिखल वर पाहून म्हणाला, "माय, चड्डी आणली का?"

त्याला वर ओढल्यावर बाईंनी चिखलासकट पोटाशी धरला आणि मग पाठीत दोन धपाटे घातले. गोजरबाईनं आपल्या घागरीतलं पाणी पुढं केलं. बाई घटाघटा प्यायल्या.

"काऊन बे?" किसनराव म्हणाले. "काऊन केलं हे?"

"मोटारीचं पाणी तापलं म्हणून ड्रायव्हर इथं थांबला," भगवान म्हणाला. "विहिरीत पाणीच नव्हतं. हे बाबा एकटेच उतरून गाळ काढून राह्यले होते. मले इथवरच मोटारीत तीनदा उलटी झाली होती, बाबा. जहाजात तं मी मेलोच असतो. म्हटलं, तिकडं बी विहीरच खोदायची, इकडं बी विहीरच. खोटं मी एक अक्षर लिवलं नाही."

"तिकडं खोदली असती तं पेपरात नाव आलं असतं! इथं गाळ काढते म्हटलं तं लोक म्हणतील, किसनरावाचा पोरगा मजुरीले जाते!"

भगवानला यातला फरक समजला नाही. त्यानं रामदीनकडे पाहिलं. रामदीननं जमिनीकडे पाहिलं.

किसनरावांनी आजूबाजूला पाहून हळूच विचारलं, "तुले कोणी ओळखलं तं नाही नं?" मग त्यांनी ठरवलं. मंडळाचा प्रवास महिन्याचा होता. महिनाभर भगवाननं इथंच राहायचं, चेहरा धुवायचा नाही. महिन्यानं पोरगा परदेशाहून आला म्हणायचं. "परदेशीच तं व्हता," ते स्वतःशीच म्हणाले आणि त्यांना जरा बरं वाटलं. उकंडरावांनी फीसाठी हात पुढं केला. "मी पह्यल्याच दिवशी म्हणलो होतो, तो परदेशी आहे. तपास पुरा."

महिन्यानं सत्कार झाला. मंडप, वाजंत्री, पुन्हा सात हार. गावातल्या विहिरी तळाला गेल्या होत्या, म्हणून मंडळींसाठी पाण्याचे रांजण बाहेरून भरून आणले होते. ते आपल्या विहिरीवर भरून देणारा रामदीन मंडपाच्या दोरीशी उभा होता, त्याला बसा म्हणायचं कोणाला सुचलं नाही. भगवानला विचारलं, परदेशात काय पाहिलं? तो म्हणाला, "पंधरा हातांवर झरा लागला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. रंगराव पहिल्या रांगेत होता आणि त्याला तोंड कुठं लपवावं कळत नव्हतं.

मग किसनराव उठले. लंकेतले गोरगरीब, त्यांची तहान, वऱ्हाडच्या पोराची सेवा, असं अर्धा तास बोलता बोलता त्यांचा घसा सुकला. अन्नपूर्णाबाईंनी बायकांच्या बाजूनं उठून तांब्या पुढं केला. किसनरावांनी मोठा घोट घेतला आणि खुलले.

"वा! लय गोड पाणी आहे. कुठचं?"

"परदेशी," अन्नपूर्णाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या.

मंडपात पुन्हा टाळ्या पडल्या. पोरानं लंकेहून पाणीसुद्धा आणलं म्हणून म्हाताऱ्या बाया तीर्थासाठी ओंजळी पुढं करू लागल्या. किसनरावांचा हात तांब्यासकट तसाच राहिला. दोरीपाशी उभा असलेला रामदीन त्यांच्याकडे पाहत होता. उरलेलं पाणी त्यांनी मुकाट्यानं संपवलं. तहान भागली नव्हती, पण आणखी मागायला त्यांची जीभ काही रेटली नाही.