शितावरून पेटलेल्या युद्धाची हकीकत

श्रीगजवदन प्रसन्न होवोन लिहिणारास अक्कल देवो. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. कोणे एके राज्यी दहावी ब नामे मुलूख होता आणि तेथे रेवती शेलटकर व अमला धुमाळ ऐशा दोघी मातबर सरदारणी, पहिलीपासून एका बाकाच्या धनी, परंतु रेवतीच्या डब्यातील मसालेभात अमलेच्या विज्ञानाच्या तक्त्यावर सांडला आणि मैत्री फिसकटली, मग खिडकीकडील फौज अमलेची व दाराकडील रेवतीची जाहली आणि मध्ये दप्तरांची तटबंदी उभी राहिली. मुख्याध्यापक कोपोन बोलिले, "शनिवारपर्यंत समेट झाला नाही, तर तुकडीच मोडतो!" हे ऐकोन वर्गशिक्षिका हेमांगीबाई चौबळ यांचे काळीज चर्र जाहले, कारण त्या दोघींना एकमेकींवाचून करमत नाही हे बाई पुरते ओळखून होत्या.

मग इतिहासाचे तासास बाई दाखल होऊन पुसत्या जाहल्या, "शीतयुद्ध म्हणजे काय?" तो प्रणित गावंड उठोन बोलिला, "बाई, भाताच्या शितावरून झालेलं युद्ध!" दोन्ही फौजा खदखदा हसल्या आणि बाई रागवाव्या त्या हसोन म्हणाल्या, "बस. तुझंही अगदीच चुकलं नाही." आणि सांगो लागल्या की, दोन महासत्ता समोरासमोर कधी लढल्या नाहीत, परंतु अणुबॉम्ब रचोन बसल्या, आणि धान्य व हत्यारे वाटोन दोस्त जोडीत गेल्या, कारण शितं तिथं भुतं, आणि क्यूबा बेटापायी जग जळावयाचे, तो दोघींनी क्षेपणास्त्रे मागे घेतली आणि मग थेट निरोपाची तार जोडली.

"मग हरलं कोण, बाई?" रेवतीने पुसले.

"कुणीच नाही गं. म्हणून तर आपण आज डबे खातोय. पण बोलायला आधी कुणीतरी तोंड उघडावं लागतं."

आणि मधली सुट्टी जाहली. बाई दाराशीच थांबल्या. रेवतीने दप्तरांवरून डबा पलीकडे सरकविला आणि अमलेने नाक मुरडले, मग अमला एक घास घेवोन बोलिली, "मीठ कमी पडलंय."

"तुला कधी पुरलंय?"

आणि दोघी हसता हसता रडो लागल्या आणि दप्तरे पटापट बाकांखाली गेली. बाईंचे डोळे भरून आले, ते त्यांनी लपविले नाहीत.

सारांश, तुकडी मोडली नाही. महासत्तांस जे चाळीस वर्षे जड गेले ते पोरींनी एका सुट्टीत केले, आणि पुढे जग कोणाच्या हाती जाणार हे पाहोन लिहिणाराचा जीव भांड्यात पडला.