लोंबलं तं गेलं

आमच्या शेजारचे दिगंबरकाका कोणाच्या मयतीला भेटायला गेले तरी आधी भिंतीकडे बघतात.

मागच्या वर्षी आमच्या डोंगरकडा गावातल्याच एका घरी आम्ही गेलो होतो. बायका आत, पुरुष ओसरीवर, सगळे माना खाली घालून बसलेले. काकांनीही हात जोडले, मान खाली घातली, आणि तिथेच त्यांना टेबलफॅनची वायर दिसली. ती खिडकीतून आत आली होती, फोटोच्या खिळ्याला वळसा घालून, वारलेल्या माणसाच्या खुर्चीवर लोंबत होती. काकांनी पाच मिनिटं कळ काढली. मग हळूच उठले, खिशातून काळी टेप काढली आणि लोक उसासे टाकत असताना ती वायर चौकटीच्या कडेकडेने सरळ बसवून टाकली. निघताना त्या घरच्या मोठ्या मुलाने त्यांचे हात धरले.

"काका, आमचे अण्णा दोन वर्षांपासून म्हणून राहिले होते, ही वायर नीट करा."

काकांच्याही डोळ्यांत पाणी आलं. पण बाहेर रस्त्यावर आल्यावर मला म्हणाले, "चांगला माणूस होता. पण दोन वर्षं? लोंबलं तं गेलं."

हे त्यांचं वाक्य. काका वीज खात्यात लाइनमन होते. सगळी नोकरी खांबावर गेली, त्यामुळे माणसांपेक्षा वायरी त्यांना जवळच्या वाटतात. आमच्या घरी चहाला आले की माझ्या हातातला चार्जर काढून घेतात, त्याची आठच्या आकड्यासारखी घडी घालतात, वर रबर लावतात आणि मगच कपाला हात लावतात. आमची कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा त्यांनी दोनदा ताणून बांधली आहे. आई म्हणते, "भाऊजी, ती दोरी हाय. तिच्यात करंट न्हाई."

"दोरीला तरी लोंबायची काय गरज हाय, वहिनी?"

निवृत्त झाल्यावर माणसं शेतात झोपडी बांधतात. काकांनी एका शाळेची मोडीत निघालेली मिनीबस घेतली. पिवळी, तेरा सीटची. सीटा उपटून फेकल्या, एका बाजूला पलंग, एका बाजूला गॅसची शेगडी, मागे पाण्याची टाकी, छताला पंखा, आणि पलंगासमोर चोवीस इंची टीव्ही. गावाने तिला गाडीघर म्हणायला सुरुवात केली. बाहेरचा रंग त्यांनी बदलला नाही, म्हणून ती अंगणातून रस्त्यावर निघाली की पाठीवर दप्तर घेतलेली दोन-चार लेकरं हात करतात.

"कुठं जाणार हे घेऊन?" लोक विचारायचे.

"भारत दर्शन," काका म्हणायचे आणि विषय संपवायचे.

त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, पुण्यात मुलाकडे असतात. नातवाच्या जन्माला तीन महिन्यांसाठी गेल्या होत्या. नातू आता चार वर्षांचा आहे. काका त्यांना कायम "संतोषची माय" म्हणतात. आमच्याकडे त्या वयाचे पुरुष बायकोचं नाव घेत नाहीत. त्यामुळे काकूंचं नाव काय आहे हे इतकी वर्षं शेजारी राहून मलाही माहीत नव्हतं.

गाडीघराच्या कामात मी कशी आले, ते सांगते. मी घरी बसून लॅपटॉपवर काम करते, शिक्षण सगळं इंग्रजी शाळेत, हॉस्टेलवर झालं, आणि मला लोकांशी बोलायला फारसं जमत नाही. काकांना नेमकं असंच माणूस हवं होतं. वायरचं एक टोक धरायचं, आणि बोलायचं नाही. शिवाय त्यांना प्रत्येक वायरवर चिठ्ठी हवी होती.

"इंग्रजीत लिही," ते म्हणाले.

"काहून?" मी त्यांच्यासारखंच विचारलं.

"मराठीत लिहिलं की येणाराजाणारा वाचते, अन् वाचलं की हात लावते. इंग्रजीला लोक भेतात."

मग मी पांढऱ्या टेपवर मार्करने लिहीत गेले. FAN. LIGHT BACK. PUMP. काका प्रत्येक चिठ्ठी लांब धरून बघायचे, वाचता येत असल्यासारखी मान हलवायचे आणि चिकटवायचे. पंखा, दिवे, मोटर यांच्या वायरी एका दिवसात बसल्या. टीव्हीच्या छत्रीची केबल मात्र तीन आठवडे चालली. टपावरच्या छत्रीपासून टीव्हीमागच्या सेट-टॉप डब्यापर्यंत जेमतेम बारा हात अंतर. ती त्यांनी चार वेळा बसवली आणि चार वेळा उपसली. कधी वळणावर कोपरा यायचा, कधी क्लिपांमधलं अंतर कमीजास्त व्हायचं. शेवटी ती छताच्या कडेने अशी गेली की फुटपट्टी लावावी. एक बोटभरसुद्धा ढील नव्हती.

"आता कशी दिसून राहिली?"

"छान," मी म्हणाले.

"छान न्हाई. बराबर म्हण."

छत्री तर त्यांनी वारंगा फाट्यावरच्या वेल्डरला अंगणात बोलावून टपाला डागूनच घेतली होती. वेल्डर म्हणाला, "काका, नट-बोल्ट लावू का? काढता येईन." काका त्याच्याकडे असे बघत राहिले की त्याने काच डोळ्यांवर ओढली. "वादळ आलं तरी हलली न्हाई पाहिजे," काका म्हणाले. गाडी तेव्हा अंगणात पूर्वेला तोंड करून उभी होती, कारण पूजा तशी झाली होती. छत्री आग्नेयेला, थोडी वर. चित्र आरशासारखं स्वच्छ आलं. संध्याकाळी सातची मालिका काकांनी पलंगावर बसून पूर्ण बघितली आणि बाहेर येऊन म्हणाले, "काय बावळटपणा दाखवून राहिले लेकाचे." पण दुसऱ्या दिवशीही सातला गाडीघराचं दार बंद होतं. तिसऱ्या दिवशीही.

दिवाळीनंतर काकांनी गाडीघराची चाचणी घ्यायचं ठरवलं. आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावला माझी मावशी असते, म्हणून आई आणि मी बरोबर निघालो. काका स्वतः चालवत होते. हिंगोली मागे पडली, सेनगाव मागे पडलं, आत एक वाटी हलली नाही. आई पलंगावर मांडी घालून बसली होती आणि दर दहा मिनिटांनी म्हणत होती, "माझ्या घरापेक्षा बरं हाय हे."

साडेपाचला आम्ही मावशीच्या गल्लीत शिरलो. गल्ली गाडीच्या रुंदीची. पुढे गोठा, मागे तेवढ्यात एक जीप येऊन लागली आणि तिचा ड्रायव्हर बाजारात निघून गेला. सगळ्यांचा चहा झाला. सव्वासहाला काकांनी टीव्ही लावला.

सिग्नल नाही.

काकांनी डबा बंद करून चालू केला. कनेक्टर काढून फुंकर मारली. मग बाहेर गेले, टपाकडे बघितलं, मग सूर्य मावळला होता तिकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा पडला. गाडीचं तोंड इथे उत्तरेला होतं. आग्नेयेला बघायची छत्री ईशान्येकडे बघत होती. टपाला डागलेली असल्याने ती गाडी जाईल तिकडेच बघणार होती. ज्या माणसाने आयुष्यभर वस्तू खांबावर बसवल्या, त्याच्या डोक्यात एवढंच आलं नव्हतं की हा खांब चालणारा आहे.

"गाडी फिरवा मग," मावशी म्हणाली.

पुढे गोठा, मागे जीप. मावशीने जीपवाल्याला शोधायला माणूस धाडला. काका घड्याळ बघत होते.

"भाऊजी, एक दिवस न्हाई बघितलं तं काय होतं?" आई म्हणाली. "तुमीच म्हणता ना, बावळटपणा हाय."

"बावळटपणाच हाय," काका म्हणाले आणि हत्यारांच्या पेटीतून लोखंड कापायचा हॅक्सॉ काढून शिडीवर चढले.

पंचवीस मिनिटं ते छत्रीचा डागलेला पाइप कापत होते. गल्ली गोळा झाली. कोणी म्हणालं, शाळेची गाडी चोरीची निघाली वाटते. कोणी म्हणालं, न्हाई, भंगारवाला हाय. काकांना घामाने शर्ट चिकटला, पण ते कोणाकडे बघत नव्हते. सातला दहा कमी असताना छत्री सुटली. त्यांनी ती आग्नेयेला वळवली, आणि ती अर्ध्यातच अडकली. केबलला ढील नव्हती.

काका टपावर बसले. मला वाटलं, आता संपलं. मग ते खाली उतरले, आत गेले, पक्कड घेतली आणि तीन आठवडे खपून बसवलेल्या क्लिपा एकेक करून तोडायला लागले. मी दारात उभी होते. कट्, कट्, आणि छताच्या कडेची ती सरळ रेघ पोटासारखी खाली आली. त्यांनी टीव्ही आणि डबा उचलून, केबल आत येत होती त्या टपाच्या भोकाखाली आणून ठेवले, म्हणजे उरलेली सगळी केबल वर मिळाली.

"पोरी, वर जा. छत्री धर."

"मी?"

"मला खाली चित्र बघावं लागन. तू टोक चांगलं धरतेस."

मी गर्दीत रस्ता ओलांडतानाही कडेकडेने जाते. त्या संध्याकाळी मी एका पिवळ्या बसच्या टपावर, सगळ्या गल्लीसमोर, छत्री पोटाशी धरून उभी राहिले. खालून कोणीतरी विचारलं, "ही पोरगी काय करून राहिली?" दुसरा म्हणाला, "शहरातली हाय, रेंज पकडून राहिली आसन." आई खालून मला म्हणाली, "शुरते, ओढणी सांभाळ."

"जराशी डावीकडं," काका आतून म्हणाले. "जास्ती झाली. वर. वर... थांब. श्वास पण घेऊ नको."

सात वाजून चार मिनिटं झाली होती. चित्र आलं. गल्लीचा उत्साह संपला आणि लोक घरोघर गेले. मी तशीच उभी. हात दुखायला लागले. टपाच्या भोकातून मालिकेचं संगीत वर येत होतं, आणि त्याच्यावर काकांचा आवाज. ते फोनवर होते.

"हं, लागलं. पहिले चार मिनिटं हुकले, ते मी उद्या पुन्हा दाखवतात त्याच्यात पाहून सांगतो... आता मोठी सून आली. हिरवं पातळ... न्हाई, तुझ्यावालं न्हाई, गर्द. रडून राहिली. काहून ते समजंना, सासू तं चांगली बोलून राहिली... थांब, थांब, दुसरी आली. हिच्या हातात कागद हाय... लेकरू जेवलं का? भरव, भरव, मी सांगतो, तू भरव. हं, तं कागद वाचला. आता तिकडं सगळे एकमेकाकडं बघून राहिले. अजून बघूनच राहिले."

मी छत्री तसूभर हलू दिली नाही.

साडेसातला काकांनी मला खाली घेतलं. माझे खांदे भरून आले होते. चहा घेताना त्यांनीच सुरुवात केली, कपाकडे बघत.

"तिकडं ह्या टायमाला लेकरू कार्टून लावते. त्याबिगर जेवत न्हाई. संतोषच्या मायला पाहायला भेटत न्हाई."

मी नको ते बोलले. "काका, मोबाइलवर दिसतं सगळं. काकूंच्या फोनमध्ये टाकून देता येईल. मग कधीही बघता येतं."

"माहीत हाय मला."

"मग?"

"मंग ती मला फोन काहून करन?"

कप खाली ठेवून ते पुढे म्हणाले, "संतोषच्या घरी दोन खोल्या. पोरगं बिचारं म्हणते, या बाबा. पण माझी खाट टाकायची कुठं? अन् सूनबाईला काहून तकलीफ द्यायची. त्यांच्या सोसायटीच्या मागं एक गल्ली हाय. चौकीदाराला इचारून ठेवलं. गाडी लावू देतो म्हणला. सात वाजता ती खाली आली, अर्धा घंटा टीव्ही पाहून वर गेली, तं कोणाचं काय जाते?"

"मग भारत दर्शन?"

"पुणं काय भारताच्या बाहेर हाय का?" काका म्हणाले.

परत आल्यावर त्यांनी चार दिवस दुसरं काही केलं नाही. टपावर फिरता दांडा बसवला, नट-बोल्ट लावून. त्या पुण्याच्या गल्लीत गाडीचं तोंड कुठे होईल ते माहीत नव्हतं, म्हणून छत्रीला चारी दिशांना फिरता यायला हवं होतं, आणि त्यासाठी केबलला आठ हात ढील सोडणं भाग होतं. नवी केबल आणली, पण ती ढील सोडताना काकांचा हात पुढे होईना. शेवटी सोडली. तिचं गोल वेटोळं केलं, आणि जुन्या युनिफॉर्मच्या खाकी कापडाची पिशवी शिवून त्यात घातलं. ती पिशवी पलंगाच्या उशाशी, टीव्हीच्या बटणाशेजारी अडकवली.

"लोंबून राहिलं," मी म्हणाले.

"राहू दे," काका म्हणाले. "एवढं एक राहू दे."

मग त्यांनी माझ्यापुढे पांढरी टेप धरली. "ह्या बटणावर चिठ्ठी पाहिजे. तिच्या नावाची."

मी मार्करचं टोपण काढलं. "काय नाव लिहू?"

काकांनी दाराबाहेर बघितलं. अंगणात कोणी नव्हतं, फक्त आमची ताणलेली दोरी आणि तिच्यावरचे कपडे. तरी त्यांनी आवाज खाली आणला.

"प्रयाग."

मी सवयीने मोठा P काढला. त्यांनी माझा हात धरला.

"इंग्रजीत नको. मराठीत लिही. तिला वाचता आलं पाहिजे."

माझं मराठी अक्षर फार वाईट आहे. पहिल्या दोन चिठ्ठ्या मी फाडल्या. तिसरी काकांनी लांब धरून बघितली, आणि या वेळी ती खरोखर वाचली.

"बराबर," ते म्हणाले.