आत्याचा सुळा आणि माझी खूण

म्हाताऱ्या माणसाला दातांच्या डॉक्टरांकडे नेणं ही एक कला आहे आणि आमच्या घरात ती फक्त मला येते, असं मी छातीठोकपणे सांगत आलोय. त्यामुळे आत्याची दाढ किडली तेव्हा मी दुसऱ्या कुणाला पुढे येऊच दिलं नाही.

आत्या काटक बाई. पण मोठ्या आजारपणानंतर तिचा घसा रुसला. घोटभर पाणी भलत्याच वाटेला लागायचं आणि ठसक्याने घर हलायचं! मग गिळायला शिकवणाऱ्या एक बाई आल्या. त्यांनी मंत्र दिला: आधी हनुवटी छातीशी, मग घोट. तेव्हापासून आत्या चमचाभर सूपसुद्धा गड चढल्यासारखं गिळते. मान लववते, डोळे मिटते, गिळते आणि निशाण रोवल्यासारखी मान वर काढते. पाहणाऱ्याला वाटावं, घासालाच नमस्कार चाललाय!

निघताना तिने मला बजावलं, "दाढ काढू दे. शेजारच्या सुळ्याला बोट लावू द्यायचं नाही! माझी कवळी त्याच खुंटीला टांगलेली आहे."

"अगं, एका सुळ्याचं काय एवढं?"

"तुला बत्तीस आहेत, तू बोलणारच." आणि चपला घालता घालता गुणगुणली,

"एकला माझा सुळा, करी दाराची राखण,
तोच गेला तर घासा, तुला चावायाचं कोण?"

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "आजींना काही त्रास?"

"ठणठणीत!" मी म्हणालो. घशाचं गाऱ्हाणं दातांच्या दारी कशाला, असा माझा हिशेब.

वर माझी अक्कल! "डॉक्टर, तोंड उघडं असताना ती बोलणार कशी? खूण ठरवू. मान खाली म्हणजे हो, हात वर म्हणजे नाही."

"वा!" डॉक्टर म्हणाले. मी कोंबड्यासारखा फुगलो.

खुर्ची मागे झुकली. आत्या आडवी झाली, दिवा पेटला, बधिर करायची सुई टोचली, तोंडात पाण्याची पिचकारी सुरू झाली. ते पाणी घशाशी साचलं आणि आत्याने निग्रहाने हनुवटी छातीला टेकवली.

नेमकं तेव्हाच डॉक्टर विचारत होते, "दुखतंय?"

"हो म्हणतेय!" मी ओरडलो.

आणखी एक सुई. अर्धं तोंड बधिर झालं, गिळणं आणखी जड झालं, हनुवटी पुन्हा खाली.

"अजून दुखतंय?"

"हो म्हणतेय!"

तिसरी सुई! आता आत्याचे डोळे बशीएवढे झाले होते.

"आजी, हा सुळाही थोडा हलल्यासारखा वाटतो. आत्ताच काढून टाकू? पुन्हा यायला नको."

हनुवटी खाली. एकदा. पुन्हा एकदा.

"दोनदा हो म्हणाली!" सकाळी तर नको म्हणत होती. पण म्हटलं, त्या खुर्चीत भल्याभल्यांची मतं बदलतात.

आत्याचा हात ताडकन वर गेला. बिचारी घाबरली! मी तो प्रेमाने धरला, खाली दाबला आणि थोपटत म्हणालो, "भिऊ नकोस, मी आहे ना!"

तिने दुसरा हात उचलला. मी तोही धरला.

डॉक्टरांनी चिमटा हातात घेतला, सुळा चाचपायला बोट आत घातलं आणि...

"आई गं!"

ही किंकाळी डॉक्टरांची होती! आत्याने कचकन चावा घेतला होता. बोट सुटेना. सुटलं तेव्हा हातमोज्याला सुळ्याएवढं भोक होतं.

डॉक्टरांनी धडपडत खुर्ची सरळ केली. आत्या ताठ बसली. हनुवटी छातीशी नेली, सावकाश गिळलं, मान वर काढली आणि बधिर जिभेने गरजली, "फुळा नाही काडायचा!"

"पण आजी, तुम्ही हो म्हणालात ना?"

"हो कफलं? गिळत होते मी!"



"गिळायला त्रास होतो, हे मला कुणी सांगितलं का नाही?" डॉक्टरांनी विचारलं. मग दोघांनी मिळून माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं दातांचं चित्र फार बारकाईने बघू लागलो.

पुढे सगळं शहाण्यासारखं झालं. खुर्ची सरळ, पाणी थेंबाथेंबाने, ओढून घेणारी नळी सतत तोंडात आणि दर घोटाला विसावा. "गिळा आजी, घाई नाही," डॉक्टर म्हणायचे आणि आत्या गिळायची. तासाभराने दाढ वाटीत पडली. एकदाही ठसका नाही! सुळ्याला डॉक्टरांनी दुरूनच पाहिलं. "हलत नाही हो," ते बोट चोळत म्हणाले, "भक्कम आहे. माझी खात्री पटली."

बाहेर टेबलाशी बसलेल्या बाईंनी विचारलं, "पुढच्या वेळी आजींसोबत कोण येणार?"

आत्याच्या गालात कापूस होता. तिने माझ्याकडे पाहिलं. मग बाकाकडे वळून, सुजलेला गाल धरून बसलेल्या एका अनोळखी गृहस्थांकडे ठामपणे बोट दाखवलं.

"येईन की," ते म्हणाले, "किती वाजता?"